'वडिलांकडून, आजोबांकडून': एकाच घराण्यात फिरलेल्या हदीसला शरियतच्या कायद्यात किती वजन?

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. घटस्फोटित मुस्लिम आईने पुन्हा लग्न केले की मुलाच्या ताब्यावरचा तिचा हक्क जातो, असा नियम तिने वाचला. त्याचा आधार शोधत ती एका हदीसपर्यंत, म्हणजे पैगंबरांच्या सांगण्याच्या एका नोंदीपर्यंत पोहोचली. त्या हदीसची सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी अशी आहे: 'अम्र इब्न शुऐब, त्यांच्या वडिलांकडून, आजोबांकडून'. तिचे म्हणणे असे की ही तर एका घरातल्या माणसांनी एकमेकांना सांगितलेली गोष्ट. बाहेरचा साक्षीदारच नाही, तर तिच्यावर कायदा कसा उभा राहिला?

मी बरीच वर्षे हदीस आणि फिक्ह म्हणजे शरियतचे कायदेशास्त्र शिकवतो आहे आणि ताब्याच्या दाव्यांत वकील शरियतचे मुद्दे विचारायला येतात. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. थोडक्यात उत्तर असे: रक्ताच्या नात्याने हदीस खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. त्या घराण्याने नेमके काय जपले होते, ते कोणी कोणाकडून प्रत्यक्ष ऐकले, आणि घराबाहेरच्या माणसांनी ते कधी पडताळले का, यावर सगळे ठरते.

आधी साक्षीचा मुद्दा. काझीपुढे बापाच्या बाजूने मुलाने किंवा मुलाच्या बाजूने बापाने दिलेली साक्ष बहुतेक फकीह म्हणजे कायदेपंडित स्वीकारत नाहीत. मग हदीस सांगताना तेच नाते आड का येत नाही? सुन्नींच्या चार कायदापंथांपैकी मालिकी पंथाचे शिहाबुद्दीन कराफी (मृत्यू हिजरी ६८४, इ.स. १२८५) यांनी आपल्या 'अल-फुरूक' या ग्रंथाची सुरुवातच साक्ष आणि कथन यांतल्या फरकाने केली आहे. हा फरक आपण सुमारे आठ वर्षे शोधत होतो, असे ते तिथे सांगतात. साक्ष एका ठरावीक माणसाला बांधते. अमुकने अमुकचे पैसे देणे आहे, असे म्हटल्यावर कोणाचा तरी फायदा आणि कोणाचे तरी नुकसान होते, म्हणून नात्याचा संशय येतो. हदीसमधून निघणारा नियम मात्र सगळ्यांना लागू होतो, सांगणाऱ्यालाही. त्याने आपल्या मुलाला नियम सांगितला तर मुलाच्या पदरात वेगळे काही पडत नाही. म्हणून घराण्यातली साखळी केवळ घराण्यातली आहे एवढ्यावरून कोणत्याही जुन्या परीक्षकाने फेटाळली नाही. त्यांचे आक्षेप वेगळे होते, आणि ते जास्त खोल होते.

आता अम्र इब्न शुऐब यांच्याकडे येऊ, कारण या विषयातली सगळी गुंतागुंत त्यांच्या एका साखळीत सापडते. त्यांचा मृत्यू हिजरी ११८ (इ.स. ७३६) मध्ये ताइफला झाला. वंश असा: हजरत अम्र इब्नुल आस, त्यांचे पुत्र हजरत अब्दुल्लाह, त्यांचा मुलगा मुहम्मद, त्याचा मुलगा शुऐब आणि शुऐबचे पुत्र आपले अम्र. यांतले अब्दुल्लाह हे पैगंबरांचे सहाबी म्हणजे सोबती. पैगंबरांकडून ऐकलेले ते लिहून ठेवत आणि त्यांच्या त्या संग्रहाला 'अस-सहीफा अस-सादिका' म्हणजे सत्याची वही असे नाव होते. घराण्याकडे जपून ठेवण्यासारखे काहीतरी होते, ते हेच.

पहिला पेच 'आजोबा' कोणाचे, हा. अम्र यांचे आजोबा धरले तर ते मुहम्मद. त्यांची पैगंबरांशी भेट नाही, म्हणजे साखळी वरच्या टोकाला तुटली. शुऐबचे आजोबा धरले तर ते अब्दुल्लाह, म्हणजे साखळी थेट पैगंबरांपर्यंत पोहोचते. एका सर्वनामावर सगळा डोलारा. यावर परीक्षकांनी जे शोधले ते मला नेहमीच थक्क करते. एक माणूस हजरत अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्याकडे आला आणि एहरामात म्हणजे हजच्या व्रतस्थ अवस्थेत असताना पत्नीशी संबंध आला तर काय करायचे, असे विचारू लागला. अब्दुल्लाह यांनी त्याला हजरत इब्न उमर यांच्याकडे पाठवले. त्या माणसाला इब्न उमर ओळखता येत नव्हते, म्हणून शुऐब त्याच्यासोबत गेले आणि पुढचे सगळे त्यांनी स्वतः सांगितले. हा प्रसंग हजच्या एका मसल्याचा, पण त्यातून सिद्ध झाले ते वेगळेच: शुऐब आपल्या आजोबांच्या हाताशी वावरत होते, त्यांचे बोलणे ऐकण्याच्या वयाचे होते. दारकुतनी आणि बैहकी यांच्यासारख्या परीक्षकांनी या प्रसंगाचे मोल ओळखले. मुहम्मद आपल्या वडिलांच्या हयातीतच वारले आणि नातवाला आजोबांनी वाढवले, असे जहबी सांगतात. शिवाय काही कथनांत आजोबांचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. म्हणून 'आजोबा' म्हणजे अब्दुल्लाह, हे मत बहुतेकांनी मान्य केले आणि मलाही तेच बरोबर वाटते.

दुसरा पेच वहीचा. यह्या इब्न मईन आणि अली इब्नुल मदीनी यांच्यासारखे कडक परीक्षक म्हणत की अम्र हे घरात सापडलेल्या वहीतून वाचून सांगतात, ऐकून नव्हे. आज आपल्याला लिखित पुरावा तोंडी पुराव्यापेक्षा भक्कम वाटतो, तेव्हा उलट होते आणि त्याला कारण होते. त्या काळच्या अरबी लिपीत अक्षरांवर बहुधा नुक्ते म्हणजे सारखी दिसणारी अक्षरे वेगळी ओळखू देणारे ठिपके नसत. गुरूच्या तोंडून न ऐकता नुसती वही वाचली की एका शब्दाचा दुसरा होई. कायद्याच्या वाक्यात तर एका शब्दाने हक्क इकडचा तिकडे होतो. तरीही इमाम बुखारींनी नोंदवले आहे की अहमद इब्न हंबल, इब्नुल मदीनी, इस्हाक इब्न राहवैह हे अम्र यांच्या हदीसचा आधार घेताना त्यांनी पाहिले. म्हणजे इब्नुल मदीनी दोन्ही बाजूंना दिसतात! बुखारींनी स्वतः ही साखळी आपल्या 'सहीह' या हदीससंग्रहात घेतली नाही. अबू दाऊद यांना विचारले असता ती अर्धा पुरावाही नाही असे ते म्हणाल्याचे सांगतात, आणि त्यांच्याच 'सुनन'मध्ये तिच्यावर आलेल्या हदीस जागोजागी आहेत. इस्हाक यांचा तोडगा मला सर्वांत व्यवहारी वाटतो: अम्र यांच्याकडून ऐकणारा माणूस विश्वासू असेल तर ही साखळी अय्यूब, नाफे, इब्न उमर या अतिशय भक्कम मानलेल्या साखळीच्या तोलाची.

फकीहांनी या साखळीला मुहद्दिसांपेक्षा म्हणजे हदीसच्या परीक्षकांपेक्षा जास्त जवळ केले, हे ध्यानात घ्यायला हवे. कारण या वहीत कायद्याचा माल होता. खुनी माणसाला मयताचा वारसा नाही, वैद्यक येत नसताना वैद्यकी करणाऱ्याने नुकसान भरून द्यावे, जवळ नसलेली वस्तू विकू नये, ज्याची जोखीम घेतली नाही त्याचा नफा घेऊ नये. इस्लामी बँकांच्या करारांत आज जो शेवटचा नियम घोकला जातो, तो याच घराण्याच्या साखळीने आला. मुस्लिमेतराच्या खुनाची दिया म्हणजे भरपाई मुस्लिमाच्या निम्मी, हेही याच साखळीत आहे. मालिकी आणि हंबलींनी ते घेतले. हनफींनी दिया समसमान ठेवली. शाफईंनी हजरत उमर आणि हजरत उस्मान यांच्या निवाड्यांवरून ग्रंथधारकांसाठी, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती लोकांसाठी, एक तृतीयांश धरली. एकाच साखळीला किती वजन द्यायचे, यावर चार पंथांत तीन वेगळे आकडे झाले.

आणि आता ताब्याची हदीस. एक बाई पैगंबरांकडे आली आणि म्हणाली की या मुलासाठी माझे पोट पात्र होते, माझी छाती पखाल होती, माझी मांडी आसरा होती, आणि आता याच्या बापाने मला तलाक दिला आणि याला माझ्यापासून हिरावू पाहतो. पैगंबर म्हणाले, तू लग्न करत नाहीस तोवर याच्यावर तुझाच हक्क जास्त. 'सुनन अबू दाऊद'मध्ये ही हदीस याच साखळीने आली आहे. तिचा पहिला भाग आईला हक्क देतो आणि दुसरा भाग त्याला मर्यादा घालतो. इब्नुल कय्यिम (मृत्यू हिजरी ७५१, इ.स. १३५०) यांनी इथे मोठ्या प्रामाणिकपणे लिहिले आहे की या जागी लोकांना अम्र इब्न शुऐब यांची गरज पडली आणि त्यांच्यावाचून गत्यंतर उरले नाही, कारण लग्नाने ताबा संपतो असे सांगणारी पैगंबरांची दुसरी हदीसच नाही. अंदलुसियाचे इब्न हझ्म (मृत्यू हिजरी ४५६, इ.स. १०६४) यांनी ही साखळी वहीची म्हणून नाकारली आणि त्याबरोबर नियमही नाकारला. उम्मे सलमा यांनी पैगंबरांशी लग्न केले तेव्हा त्यांची मुले त्यांच्याजवळच राहिली, हा त्यांचा दाखला. म्हणजे विद्यार्थिनीला आलेली शंका नवी नाही. मात्र इब्न हझ्म यांची हरकत घराण्याला नव्हती, न ऐकता वाचण्याला होती.

हिंदुस्तानात हा नियम हनफी रूपात आला. आईने मुलाच्या जवळच्या नात्यात नसलेल्या, परक्या माणसाशी लग्न केले तरच तिचा हिजानतचा म्हणजे मूल सांभाळण्याचा हक्क जातो. आपल्याकडची न्यायालये १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली मुलाचे हित सर्वांत वर ठेवतात, त्यामुळे दुसरे लग्न हा एक मुद्दा राहतो, निकाल नाही. तरी युक्तिवादात 'शरियतचा पक्का नियम' असे कोणी ठासून सांगितले तर त्यामागची साखळी आणि तिच्यावरचा बाराशे वर्षांचा वाद वकिलाला माहीत असावा. नियमाचा जोर त्याच्या आधाराइतकाच असतो.

वहीवरून दस्तऐवजांकडे वळू. पैगंबरांनी हजरत अम्र इब्न हझ्म यांना यमनला पाठवताना दियांचे दर आणि इतर हुकूम असलेले पत्र दिले. (वरच्या अंदलुसी इब्न हझ्मशी या घराण्याचा संबंध नाही.) ते पत्र त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. 'मुवत्ता' या आपल्या ग्रंथात इमाम मालिक ते त्यांचे वंशज अब्दुल्लाह इब्न अबी बक्र यांच्याकडून, ते आपल्या वडिलांकडून, असे देतात. पूर्ण जोडलेल्या सनदीवर वाद आहेत. पण इमाम शाफईंनी (मृत्यू हिजरी २०४, इ.स. ८२०) 'अर-रिसाला'त या पत्राची जी हकीकत दिली ती वाचण्यासारखी आहे. हजरत उमर यांनी हाताच्या बोटांची दिया उपयोगाप्रमाणे ठरवली होती: अंगठ्याला १५ उंट, तर्जनीला १०, मधल्या बोटाला १०, अनामिकेला ९ आणि करंगळीला ६. बेरीज ५०, म्हणजे अख्ख्या हाताची दिया. हिशेब अगदी न्यायाचा. पुढे अम्र इब्न हझ्म यांच्या घराण्यातले पत्र मिळाले, त्यात प्रत्येक बोटाला १० उंट होते. लोकांनी हजरत उमर यांचा दर सोडून पत्राचा दर घेतला. दुसऱ्या खलिफाचा निवाडा एका घरातल्या कागदाने मागे सारला! शाफई लगेच पुढे म्हणतात की हे पत्र पैगंबरांचेच आहे असे सिद्ध होईपर्यंत त्यांनी ते स्वीकारले नाही. इनामाची सनद वाड्यातल्या पेटीत निघाली म्हणून कोणी जमीन सोडत नाही, शिक्का आणि दाखले पाहूनच सोडतो, तसेच हे. इब्न अब्दुल बर्र (मृत्यू हिजरी ४६३, इ.स. १०७१) यांच्या मते हे पत्र विद्वानांत इतके प्रसिद्ध होते की त्याला साखळीची गरजच उरत नाही.

जकात म्हणजे मालमत्तेवरचे सक्तीचे धार्मिक दान; तिच्या दरांचे उदाहरण मला याहून पक्के वाटते. हजरत अबू बक्र यांनी हजरत अनस यांना बहरैनला पाठवताना पैगंबरांनी ठरवलेल्या दरांचा लेख दिला. तो बसऱ्यात अनस यांच्या घरात राहिला. त्यांचे नातू सुमामा यांच्याकडून तो पुतणे अब्दुल्लाह इब्नुल मुसन्ना यांच्याकडे आणि त्यांच्या मुलाकडून इमाम बुखारींकडे आला. 'सहीह बुखारी'त तो तुकड्या-तुकड्यांनी येतो. पाच उंटांना एक शेळी, पंचविसांना वर्षाची एक सांडणी, चरणाऱ्या चाळीस शेळ्यामेंढ्यांना एक. तसाच दुसरा लेख मदिनेत हजरत उमर यांच्या घराण्यात होता आणि त्यांचे नातू सालिम यांनी तो इब्न शिहाब जुहरींना वाचून दाखवला. दोन घराणी, दोन शहरे, आणि दरांचा गाभा एकच. एका घरातली साखळी दुसऱ्या घरातल्या साखळीने तपासता आली की मग शंकेला फारशी जागा उरत नाही.

उलट उदाहरणेही आहेत. बसऱ्याचे बहझ इब्न हकीम आपल्या वडिलांकडून, आजोबा मुआविया इब्न हैदा यांच्याकडून एक हदीस सांगतात की जकात नाकारणाऱ्याकडून ती घेऊच, शिवाय त्याची निम्मी मालमत्ताही घेऊ. इमाम अहमद यांना सनद ठीक वाटली. इमाम शाफई म्हणाले की हदीसचे जाणकार ही सिद्ध मानत नाहीत, सिद्ध असती तर आम्ही ती घेतली असती. कोकणातले मुसलमान शाफई आहेत, त्यांच्या पंथात हा दंड नाही, त्याचे कारण इथे आहे. आर्थिक दंड शरियतमध्ये बसतो का, या आजच्या चर्चेतही बहझ यांचे नाव निघतेच.

कसीर इब्न अब्दुल्लाह मुझनी यांच्याबद्दल फार बोलायला नको. तेही वडिलांकडून, आजोबांकडून सांगत. शाफईंनी त्यांना खोटेपणाचा एक खांब म्हटले आणि इब्न हिब्बान यांच्या मते त्यांची ती प्रत बनावट. तिर्मिजींनी त्यांची 'मुसलमान आपल्या अटींना बांधील' ही हदीस चांगली ठरवली म्हणून जहबींनी तिर्मिजींनाच बोल लावला. नियम मात्र टिकला, कारण तो हजरत अबू हुरैरा यांच्याकडून, घराबाहेरच्या वाटेने, अबू दाऊद यांच्याकडे वेगळा आला.

नात्यामुळे खरोखर फायदा होतो ती जागा वेगळी आहे. हजरत आयेशा यांच्याकडे पडद्याशिवाय कोण जाऊ शकत होते? त्यांच्या बहिणीचा मुलगा उर्वा आणि भावाचा मुलगा कासिम. गुस्ल म्हणजे शुद्धिस्नान, रोजा, पती-पत्नीतले व्यवहार यांबद्दलचे कितीतरी कायदे या दोघांच्या तोंडून आले, कारण ते विचारायला घरचेच माणूस लागे. खलिफा उमर इब्न अब्दुल अजीज (मृत्यू हिजरी १०१, इ.स. ७२०) यांना ज्ञान नाहीसे होण्याची भीती वाटली, तेव्हा त्यांनी हदीस लिहून काढण्याचा हुकूम मदिनेच्या अबू बक्र इब्न मुहम्मद यांना धाडला. हे त्याच पत्रवाल्या अम्र इब्न हझ्म यांचे नातू आणि हजरत आयेशा यांच्या हाताखाली वाढलेल्या अमरा बिन्त अब्दुर्रहमान त्यांच्या मावशी. घराण्याची वाट मुद्दाम वापरलेली दिसते. पण आंधळेपणाने नाही. उर्वा यांचे पुत्र हिशाम यांच्यासारख्या मोठ्या माणसाने उतारवयात इराकमध्ये जे सांगितले त्यावरही मदिनेत नाराजी होती.

पाश्चात्त्य अभ्यासकांत जोसेफ शाख्त यांनी १९५० मध्ये मांडले की घराण्याच्या सनदी ही खरेपणाची खूण नव्हे, खरेपणाचा देखावा उभा करण्याची युक्ती आहे. नाबिया अ‍ॅबट यांनी १९६७ मध्ये जुन्या पपायरसांच्या आधारे उलट म्हटले: घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लेख जपले. मला वाटते, शाख्त यांना जे दिसले ते कसीर यांच्या बाबतीत शाफईंना अकराशे वर्षे आधी दिसले होते. पण एका बनावट प्रतीवरून सगळ्या घरांना बनावट ठरवले, तर बसरा आणि मदिना यांचे दर जुळतात कसे, याचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर शाख्त यांच्या मांडणीत मला मिळाले नाही.

शिया फिक्हमध्ये मात्र चित्र मुळातच वेगळे आहे. इमाम जाफर सादिक (मृत्यू हिजरी १४८, इ.स. ७६५) म्हणतात की माझी हदीस ती माझ्या वडिलांची, त्यांची ती माझ्या आजोबांची, आणि असे करत ती हजरत अली आणि पैगंबरांपर्यंत जाते. सुन्नी परीक्षकाला प्रत्येक कडी तपासायची असते. शियांसाठी कडीच अधिकार आहे, इमामांचे म्हणणे हाच पुरावा. फातिमी या इस्माइली शिया खिलाफतीतले काझी नुअमान यांच्या 'दआइमुल इस्लाम'मध्ये म्हणूनच मधल्या नावांची रांग बहुधा गाळलेली असते आणि 'जाफर इब्न मुहम्मद, त्यांच्या वडिलांकडून, त्यांच्या पूर्वजांकडून' एवढ्यावर कायदा सांगितला जातो. हा ग्रंथ संपादित करून छापला तो माथेरानला जन्मलेल्या आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या असफ अली असगर फैजी यांनी. मुंबईच्या बोहरा समाजाचा कायदा याच ग्रंथावर चालतो. तेव्हा ताब्याच्या दाव्यात पक्षकार बोहरा असतील तर अम्र इब्न शुऐब यांच्या साखळीवर वाद घालण्याआधी 'दआइम' उघडावे. हनफी असतील तर आधी हे विचारावे की दुसरा नवरा मुलाचा नात्यातला आहे की परका, कारण हदीसच्या शब्दांत नसलेला हा फरक फकीहांनी घातलेला आहे आणि पुष्कळ दाव्यांत आईची बाजू त्यावरच टिकते.